साथीचा काळ आणि सहलींचा धंदा

२५ मार्च २०२० हा शके १९४२ चा गुढीपाडवा होता. एरवीं पाडव्याच्या सुमारास सहली काढणाऱ्या लहान संस्थांच्या कचेऱ्यांत पाय ठेवावयास जागा नसते. मुलांच्या परीक्षा आटोपत आलेल्या असतात. काश्मीर, हिमाचल, काशी, चारधाम अशा यात्रांच्या याद्या भिंतीवर लागलेल्या असतात. आणि व्यवस्थापकापासून आचाऱ्यापर्यंत प्रत्येकजण पुढील दोन महिन्यांच्या बांधाबांधींत गुंतलेला असतो. त्या वर्षीं मात्र गुढ्या उभ्या राहिल्या त्या सुन्या रस्त्यांकडे पाहत. आदल्या रात्रीं बाराच्या ठोक्याला देशभर टाळेबंदी सुरू झाली होती. उतारूंच्या आगगाड्या २२ मार्चपासूनच थांबल्या होत्या, आणि आतां देशांतर्गत विमानेंहि जमिनीवर बसलीं. जागतिक आरोग्य संघटनेनें कोविडच्या साथीस महासाथ असें नांव दिल्याला अवघे दोन आठवडे झाले होते.

साथ आणि प्रवास यांचें वैर जुनें आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला तेव्हां आगगाडीच्या उतारूंची तपासणी सुरू झाली, आणि १८९७ सालीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. सव्वाशें वर्षांनंतर, मार्च २०२० मध्यें, महाराष्ट्र सरकारनें निर्बंध घातले ते याच कायद्याच्या आधारें. फरक इतकाच कीं, प्लेगच्या काळांत बहुतेक यात्रेकरू आपली शिदोरी आपणच बांधून निघत. २०२० सालीं मात्र हजारों मध्यमवर्गीय कुटुंबांनीं आपल्या प्रवासाचा पैसा आधींच दुसऱ्याच्या हातीं सोंपविलेला होता.

या धंद्याला महासाथीनें सर्वांच्या आधीं गांठलें आणि बहुतेकांच्या मागून सोडलें. देशांतील विमानें २५ मे २०२० पासून पुन्हां उडूं लागलीं खरीं. पण परदेशांशीं नियमित विमानवाहतूक सुरू होण्यास २७ मार्च २०२२ हा दिवस उजाडावा लागला. २०१९ सालीं सुमारें १ कोटी ९ लक्ष परदेशी प्रवासी भारतांत आले होते. २०२० सालीं हा आंकडा सुमारें २७ लक्षांवर आला, आणि त्यांतीलहि बहुतेक टाळेबंदीपूर्वींच येऊन गेलेले. अशा स्थितींत पांच-दहा माणसांच्या बळावर चालणारी एखादी संस्था तगली ती कशी, आणि दुसरी बुडाली ती कां, हा प्रश्न त्या धंद्यांतील लोकांपुरताच नव्हता. ज्या ज्या घरानें सहलीचा विसार भरला होता, त्या त्या घराचाहि तो प्रश्न होता.

या धंद्याचें एक वैशिष्ट्य असें कीं, त्यांत पैसा आधीं येतो आणि माल मागून. वाणी प्रथम धान्य भरतो व मग तें विकतो. सहली काढणारा मात्र अजून न घडलेला प्रवास विकत असतो. गिऱ्हाईक जानेवारींत विसार देतें, मार्चअखेर बहुतेक रक्कम भरतें, आणि मे महिन्यांत गाडींत बसतें. मधल्या काळांत तो पैसा संस्थेच्या हातीं असतो, पण संस्थेच्या मालकीचा नसतो. संस्थेजवळ स्वतःचें असें थोडेंच असतें: भाड्याची जागा, एक-दोन संगणक, कांहीं मोठीं भांडीं, आणि वर्षानुवर्षें जोडलेलीं माणसें. बस दुसऱ्याची, हॉटेल तिसऱ्याचें, विमान चौथ्याचें. चांगल्या दिवसांत हा सुटसुटीतपणा गुणाचा ठरतो, कारण थोड्या भांडवलावर मोठी उलाढाल करतां येते. वाईट दिवसांत तोच अंगावर येतो. कारण बँकेपुढें तारण म्हणून ठेवावयास कांहींच नसतें.

ही अडचण नीट ध्यानांत येण्यासाठीं एक कल्पित हिशेब मांडून पाहतां येईल. समजा, पुण्यांतील एका लहान संस्थेनें मे २०२० च्या पहिल्या पंधरवड्यांत चाळीस माणसांची हिमाचलची सहल ठरविली होती, आणि पाडव्यापर्यंत तिच्याकडे ९ लक्ष रुपये जमले होते. त्यांपैकीं ४ लक्ष विमानाच्या तिकिटांना गेले. अडीच लक्ष सिमला व मनाली येथील हॉटेलांकडे आगाऊ पोंचले. ५० हजार बसमालकाला दिले. १ लक्ष जाहिरात, कचेरीचें भाडें व पगार यांत खर्ची पडले. आणि उरलेले १ लक्ष बँकेंत राहिले. आतां चाळीसहि माणसें एकाच आठवड्यांत पैसे परत मागूं लागलीं, तर ९ लक्षांच्या देण्यासमोर रोकड उभी राहते ती १ लक्षाची.

वरवर पाहणाऱ्यास ही संस्था बुडाली असेंच वाटेल. परंतु हिशेब पुन्हां पाहिला तर खरोखर बुडाली आहे ती एकच लक्षाची रक्कम, म्हणजे जाहिरात, भाडें व पगार यांत गेलेली. उरलेले सात लक्ष बुडालेले नाहींत. ते अडकलेले आहेत. बुडालेला पैसा आणि अडकलेला पैसा यांतील हा भेद ज्या मालकानें पहिल्या आठवड्यांतच कागदावर मांडला, त्याला वाट दिसली. ज्यानें घाबरून दूरध्वनि उचलणेंच सोडून दिलें, त्याची संस्था हिशेबानें जिवंत असूनहि लोकांच्या लेखीं मेली. अडकलेला पैसा सोडविण्यास लागतो तो वेळ. आणि हा वेळ देणें थोडेंसें सरकारच्या हातीं होतें, थोडेंसें बँकेच्या, पण सर्वांत अधिक गिऱ्हाइकाच्या हातीं होतें.

पैसा अडकला होता तरी कोठें? रेल्वेचा मार्ग सर्वांत सरळ निघाला. रद्द झालेल्या गाड्यांच्या तिकिटांचे पैसे तिनें पूर्ण परत केले. विमानकंपन्यांनीं मात्र बव्हंशीं रोख रक्कम न देतां तेवढ्या पैशांची नोंद आपल्या खात्यांत ठेविली, आणि पुढें केव्हां तरी त्यांतून तिकीट घ्यावें असें सांगितलें. हा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. १ ऑक्टोबर २०२० रोजीं असें ठरलें कीं, टाळेबंदींतच आणि टाळेबंदीच्याच काळांतील प्रवासासाठीं काढलेल्या तिकिटांचे पैसे ताबडतोब परत करावेत. त्यापूर्वीं काढलेल्या तिकिटांचे पैसे, प्रवास २४ मेपर्यंतचा असल्यास, पंधरा दिवसांत द्यावेत. पण कंपनी अडचणींत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत जमेची नोंद ठेवावी, तींत दरमहा ठराविक वाढ द्यावी, आणि ती वापरली न गेल्यास त्या तारखेनंतर रोख परत करावी. संस्थेमार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा संस्थेमार्फतच गिऱ्हाइकास पोंचावयाचा होता. निकाल समतोल होता. पण मेच्या सहलीचा न्याय ऑक्टोबरांत मिळाला, आणि रोकड हातीं यावयाची ती कदाचित् पुढील मार्चनंतर. मधले दहा-अकरा महिने संस्थेनें आपल्या पतीवर काढावयाचे होते.

हॉटेलांची कथा याहून वेगळी नव्हती. डोंगरांतील लहान हॉटेलवाल्यानें मिळालेली आगाऊ रक्कम हंगामाच्या तयारींत, म्हणजे रंगरंगोटी, गाद्या आणि किराणा यांत, केव्हांच घातलेली असते. त्याच्याशीं भांडून रोख पैसा निघणें अवघड होतें. मात्र पुढील दोन वर्षांत केव्हांहि त्याच दरानें खोल्या देईन, असें लेखी घेणें शक्य होतें. आणि शहाण्या संस्थांनीं तेंच केलें. बसमालकाची स्थिति तर अधिकच बिकट. त्याच्या गाडीचीं चाकें थांबलीं तरी कर्जाचे हप्ते थांबत नव्हते.

येथें सरकार आणि बँका यांचा भाग येतो. रिझर्व्ह बँकेनें २७ मार्च २०२० रोजीं कर्जाचे हप्ते तीन महिने पुढें ढकलण्याची मुभा दिली, आणि मागून ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली. त्यामुळें श्वास घेण्यास अवसर मिळाला. पण हप्ता थांबला तरी व्याज चालूच राहिलें. मे २०२० मध्यें केंद्र सरकारनें ३ लक्ष कोटि रुपयांची पतहमी योजना जाहीर केली. तिच्याप्रमाणें २९ फेब्रुवारी २०२० रोजीं धंद्याचें जेवढें कर्ज शिल्लक असेल, त्याच्या २० टक्क्यांपर्यंत नवें कर्ज नव्या तारणाशिवाय मिळावयाचें होतें. योजना मोठी होती आणि तिनें अनेक उद्योग तारले. पण सहलींच्या धंद्यांत तिच्यामुळें एक चमत्कारिक परिस्थिति उत्पन्न झाली. ज्यानें पूर्वीं कर्ज काढलें होतें त्यास मदत मिळाली. ज्यानें आयुष्यभर कर्जाविना धंदा केला, त्याच्या शून्याचे वीस टक्के शून्यच राहिले. ३१ मार्च २०२१ रोजीं प्रवास-व्यवसायासाठीं हें प्रमाण ४० टक्के करण्यांत आलें, तरी शून्याचा हिशेब बदलला नाहीं. पुढें २८ जून २०२१ रोजीं पर्यटन-संस्थांस १० लक्ष रुपयांपर्यंत आणि परवानाधारक मार्गदर्शकांस १ लक्ष रुपयांपर्यंत हमीचें कर्ज जाहीर झालें. परंतु ही सवलत मंत्रालयाची मान्यता असलेल्या संस्थांपुरती होती, आणि अशा संस्था देशभरांत सुमारें एक हजारच होत्या. पेठांतील आणि वाड्यांतील असंख्य लहान संस्था त्या यादींत कोठून असणार?

तेव्हां लहान मालकाला मुख्यतः स्वतःच्याच हिकमतीवर उभें राहावें लागलें. त्याचें पहिलें काम खर्च कमी करण्याचें. कचेरीचें भाडें हा खर्च प्रथम गेला; कित्येकांनीं रस्त्यावरचें दुकान सोडून घरच्या एका खोलींत टेबल मांडलें. भाड्याची जागा पुन्हां मिळूं शकते. माणसांचें तसें नसतें. पंधरा वर्षें एकाच वाटेनें यात्रा नेणारा व्यवस्थापक कोणत्या धर्मशाळेंत तळमजल्याची खोली मिळते, कोणत्या वळणावर वृद्धांना चक्कर येते, आणि कोणत्या औषधवाल्याला मध्यरात्रीं उठवितां येतें हें जाणतो. हें ज्ञान कोणत्याहि पुस्तकांत नसतें. तें एकदां दुसऱ्या धंद्यांत गेलें कीं परत येत नाहीं. म्हणून माणसें काढून टाकण्याऐवजीं मालकासह सर्वांनीं अर्ध्या किंवा पाव पगारावर राहणें, हा मार्ग दीर्घ दृष्टीनें स्वस्त ठरला.

महाराष्ट्रांतील सहलींबरोबर आचारी नेण्याची पद्धत आहे. हिमालयाच्या पायथ्याशींहि सायंकाळीं गरम वरणभात मिळतो, या एका आश्वासनावर कित्येक संस्था उभ्या आहेत. या आचाऱ्यांना बहुधा सहलीमागें मेहनताना मिळतो. सहल नाहीं तर मिळकत नाहीं. टाळेबंदींत कित्येक ठिकाणीं याच हातांनीं डबे शिजविले गेले, आणि घरांत अडकलेल्या वृद्धांना व विलगीकरणांतील रुग्णांना ते पोंचविण्यांत आले. त्यांत नफा फार नव्हता. पण चूल पेटती राहिली आणि आचारी संस्थेशीं बांधलेला राहिला. मोठ्या प्रमाणावर हाच मार्ग राज्य परिवहन मंडळानेंहि पत्करला. उतारू नाहींत असें पाहून मे २०२० मध्यें एस्. टी. नें मालवाहतूक सुरू केली. ज्याचें चाक फिरतें राहील तो तगेल, हा त्या काळाचा सरळ धडा होता.

दुसरें काम गिऱ्हाइकांशीं बोलण्याचें. आणि तें अधिक कठीण. ज्या संस्थांनीं पहिल्या पंधरवड्यांतच प्रत्येक प्रवाशास पत्र लिहून त्याचा पैसा कोठें कोठें अडकला आहे हें आंकड्यांसह कळविलें, त्यांना आश्चर्यकारक सहानुभूति मिळाली. अशा पत्रांतून साधारणपणें तीन मार्ग पुढें ठेवले जात: तीच सहल त्याच दरानें पुढें करणें, आपली जागा नात्यांतील दुसऱ्या कोणास देणें, अथवा रक्कम हप्त्यांनीं परत घेणें. निम्म्या लोकांनीं जरी पहिले दोन मार्ग पत्करले, तरी वर मांडलेल्या हिशेबांतील संस्थेवरील ताबडतोबीचें देणें अर्ध्यावर येतें. मनुष्य पैशाच्या विलंबापेक्षां मौनाला अधिक भितो, हें या धंद्यांत स्पष्ट दिसून आलें.

मात्र परतावा कोणास आधीं द्यावा, हा धर्मसंकटाचा प्रश्न होता. एखाद्या घरांत कर्त्या पुरुषाची नोकरी गेलेली. दुसऱ्या घरांत रुग्णालयाचें बिल भरावयाचें. तिसऱ्या घरीं कसलीच निकड नाहीं, पण आवाज मोठा. जो अधिक ओरडतो त्यास प्रथम द्यावयाचें, हा सोपा रस्ता. पण त्यांत मुकाट्यानें वाट पाहणाऱ्यावर अन्याय होतो. गरजेचा क्रम ठरवून तो पाळणाऱ्या संस्थांना चार कटु शब्द ऐकावे लागले. तथापि त्यांचें नांव टिकलें. आणि ज्या धंद्यांत नांवापलीकडे भांडवल नाहीं, तेथें नांव टिकणें म्हणजेच भांडवल टिकणें होय.

सर्वांत मोठी कसोटी मात्र संकट ओसरूं लागल्यावर आली. महाराष्ट्रांत २ सप्टेंबर २०२० पासून जिल्ह्याबाहेर जाण्यासाठीं लागणारा परवाना रद्द झाला. १६ नोव्हेंबर रोजीं, दिवाळीच्या पाडव्याला, देवळें उघडलीं. घरांत कोंडलेले लोक बाहेर पडण्यास उत्सुक होते, आणि नवे विसार येऊं लागले. येथेंच मोह उभा राहिला. नव्या प्रवाशाचा विसार घ्यावा आणि त्यांतून जुन्या प्रवाशाचा परतावा भागवावा, असें वाटणें स्वाभाविक होतें. दिसावयास यांत सर्वांचेंच समाधान होतें. पण खरें पाहतां एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घालण्याचाच हा प्रकार. देणें फिटत नाहीं, तें फक्त नव्या माणसाच्या नांवावर चढतें.

ज्यांनीं हा मोह आवरला नाहीं त्यांना एप्रिल २०२१ नें गांठलें. दुसरी लाट आली, राज्यांत पुन्हां कडक निर्बंध लागले, आणि सलग दुसरा उन्हाळी हंगाम हातचा गेला. उत्तरेकडील यात्राहि दोन्ही वर्षें विस्कळित राहिल्या. २०२० सालीं केदारनाथाचीं दारें २९ एप्रिलला उघडलीं तीं यात्रेकरूंविना. २०२१ ची चारधाम यात्रा १८ सप्टेंबरपर्यंत सुरू होऊं शकली नाहीं. आणि अमरनाथाची यात्रा दोन्ही वर्षें रद्द झाली. ज्यांनीं नव्या विसारानें जुनें देणें भागविलें होतें, त्यांच्यासमोर आतां दोन वर्षांचे प्रवासी एकदम उभे राहिले, आणि या वेळीं सांगण्यास अडकलेला पैसाहि नव्हता. तो खरोखरच बुडालेला होता.

याउलट ज्यांनीं २०२० च्या हिवाळ्यांत नवा पैसा निराळ्या खात्यांत ठेविला, त्यांना दुसऱ्या टाळेबंदींत तो चार दिवसांत परत करतां आला. त्यांनीं धंद्याची रीतहि बदलली होती. चाळीस जणांच्या बसऐवजीं एका कुटुंबापुरती लहान गाडी. हजार मैलांच्या यात्रेऐवजीं कोंकण, महाबळेश्वर, वाई अशी दोन-तीन दिवसांची सहल. आणि सर्व रक्कम आगाऊ न घेतां थोडा विसार घेऊन उरलेली रक्कम निघण्याच्या वेळीं. यांत मिळकत कमी होती. पण धोकाहि तितकाच कमी होता. ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं, घटस्थापनेला, देवळें पुन्हां उघडलीं तेव्हां अशा संस्थांच्या दारीं जुनींच माणसें परत आलीं.

आकारानें मोठें असणें म्हणजे सुरक्षित असणें, असा समज या धंद्यांतहि आहे. पण १८४१ सालीं लेस्टरहून लफबरोपर्यंत आगगाडीची सहल नेऊन ज्यानें या व्यवसायाचा पाया घातला, त्या टॉमस कुकच्या नांवाची ब्रिटिश कंपनी महासाथीच्या आधींच, २३ सप्टेंबर २०१९ रोजीं, कर्जाच्या भारानें कोसळली. तेव्हां परदेशांत अडकलेल्या सुमारें दीड लक्ष ब्रिटिश प्रवाशांना सुखरूप घरीं आणतां आलें, कारण ब्रिटनमध्यें विमानसहलींच्या प्रवाशांचें रक्षण करणारी परवानापद्धति १९७३ पासून आहे. तात्पर्य, प्रवाशाचा पैसा वाचवितो तो संस्थेचा आकार नव्हे. तो पैसा संस्थेच्या संसारापासून निराळा ठेवण्याची शिस्त वाचविते.

लहान संस्थेला ही शिस्त स्वतःच स्वतःला लावून घ्यावी लागते. तिचे नियम चारच. प्रवाशांची आगाऊ रक्कम वेगळ्या खात्यांत असावी, आणि ती तिकीट व निवास यांवांचून अन्य कशासहि खर्चूं नये. सहा महिन्यांचें भाडें व पगार भागेल एवढी स्वतःची गंगाजळी चांगल्या वर्षांत बाजूला काढावी. हॉटेलवाले व बसमालक यांच्याशीं सहल रद्द झाल्यास काय करावयाचें, हें आधींच लेखी ठरवावें. आणि सर्व वर्षाची मिळकत एका उन्हाळ्यावर टांगून ठेवूं नये.

घरोघरच्या श्रोत्यांसाठींहि यांत एक सूचना आहे. सहलीचा विसार भरतांना दराची घासाघीस बहुतेकजण करतात. पण आपला पैसा पुढें कोठें जातो आणि सहल न निघाल्यास तो कसा परत येणार, हें फार थोडे विचारतात. हा प्रश्न विचारण्यांत अविश्वास नाहीं. प्रामाणिक संस्थेस त्याचें उत्तर देण्यांत अडचण वाटत नाहीं. आणि जिला अडचण वाटते, तिच्याबरोबर काशीस जाण्यापेक्षां घरीं राहिलेलें बरें.

महाराष्ट्रांतील कोविडचे निर्बंध शेवटीं उठले ते २ एप्रिल २०२२ रोजीं. तो दिवसहि गुढीपाडव्याचाच होता. पाडव्याला बंद झालेलीं दारें दोन वर्षांनीं पाडव्यालाच पूर्ण उघडलीं. मधल्या काळांत कित्येक पाट्या उतरल्या. कित्येक व्यवस्थापक दुसऱ्या धंद्यांत गेले. जे राहिले ते सर्वच अधिक धनवान् होते असें नाहीं. आपल्या हातांतील पैसा कोणाचा आहे, हें ते अडचणीच्या दिवसांतहि विसरले नव्हते. आणि म्हणूनच त्यांचीं माणसें पुन्हां त्यांच्याच गाडींत येऊन बसलीं.